बोटीवर बंदी असलेला शब्द

१२ मार्च
बंदराबाहेर, नांगर टाकून

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. मी खुशाल आहे, फक्त उन्हानं नाक सोललंय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. डिझेल घेऊन येणारा होडीवाला ते टपालात टाकेल.

"ताईला समजावून घरी आण, आठ दिवस पुरेत," असं सांगून तू मला पाठवलंस. त्या कामाचं पुढे लिहिते.

भाऊजी गेल्यावर ताई त्यांची शिडाची बोट घेऊन एकटीच निघाली, तेव्हा तू म्हणालास, साठी बुद्धी नाठी. दादा, ती बुद्धी इथे येऊन बघ. हा काही चित्रातला निळा समुद्र नाही. पाण्यावर तेलाचा तवंग, पिशव्या, बाटल्या, चपला. एकदा तर अख्खी गादी तरंगत आली. चहूकडे इमारतींएवढी मालवाहू जहाजं आणि त्यांच्या मधून मधून मासेमारीच्या होड्या. शाळेत शिकवायची तेव्हा मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून जायची ना, न ओरडता, कुणाला धक्का न लावता, तशीच ताई यातून वाट काढते. बांबूला पाव कापायची सुरी बांधून सुकाणूत अडकलेल्या पिशव्या कापते. जहाज दिसलं की कठड्याच्या एका खांबाशी जुळवून बघते. ते खांबापासून सरकलं तर बाजूनं जाणार. तिथेच राहून मोठं होत गेलं तर आपल्या अंगावर येणार. गणिताच्या बाई त्या. मला तिचा फार अभिमान वाटतो.

मंगळवारी असंच एक जहाज खांबापाशी मोठं होत होतं. इंजिनच्या पंख्यात पिशवी अडकलेली, म्हणजे सगळी भिस्त शिडावर. शिडाचा दोर माझ्या हातात. आणि मला तेव्हाच बोलायचं सुचलं. म्हटलं, "ताई, दादा रोज तुझी चौकशी करतो गं."

ताई म्हणाली, "सोड."

मी सोडला. दोर.

शीड फडफडायला लागलं आणि बोट जहाजासमोर नुसती डुलत राहिली. जहाजाचा भोंगा छातीत घुमला. ताईनं सुकाणू मांडीखाली दाबलं, दोन्ही हातांनी दोर ओढून घेतला, शिडात वारं भरलं आणि आम्ही बाजूला झालो. मग ती इतकी हसली की रडायलाच लागली.

"अगं, मी दादाचा विषय सोड म्हणत होते."

"मग तसं सांगायचं."

"आजपासून बोटीवर 'सोड' म्हणायचं नाही. दोराला 'ढील दे' म्हणायचं."

"आणि विषयाला काय म्हणायचं?"

त्यावर तिनं दोर खुंटीला गुंडाळला. मग विचारलं, "गुडघा कुठला दुखतो त्याचा? डावाच ना?"

आता तुझं काम. ताईला मी घरी आणत नाहीये. मला ते जमणार नाही, आणि खरं सांगायचं तर आणावंसंही वाटत नाही. मी स्वतःच अजून महिनाभर इथे राहतेय. रागावलास तरी चालेल.

पण पुढच्या शुक्रवारी दुपारी आम्ही तुझ्या घराजवळच्या बंदरात शिरतोय. "पुन्हा या घराची पायरी चढू नकोस," असं ती निघाली तेव्हा तू रागाच्या भरात तिला म्हणाला होतास. ती चढणारही नाही, तू ओळखतोस तिला. पण धक्क्यावर यायला तुला तर कुणी बंदी केलेली नाही. बोट बांधताना दोर झेलायला किनाऱ्यावर एक माणूस लागतं.

मी हे लिहितेय ते ताईला माहीत आहे. काही निरोप द्यायचाय का, असं विचारलं. म्हणाली, "हातमोजे घालून ये म्हणावं. हात मऊ आहेत त्याचे."

तेव्हा ये. ती दोर फेकेल. तो घट्ट धर. बाकीचं सगळं सोड.

तुझं,
शेंडेफळ