चिमटीचं वजन

आई, काल शेजारच्या वहिनी सॉसची बाटली घेऊन आल्या. त्यावरचं बारीक अक्षर दाखवत म्हणाल्या, "दीदी, ये सोडियम बेन्झोएट खाने से कुछ होता तो नहीं?" मी चहा टाकला आणि नीट समजावलं. आंबट पदार्थाला बुरशी लागू नये म्हणून ही पांढरी पूड घालतात. प्रमाण कायद्याने ठरलेलं आहे. एखाद्याच्या अंगावर पित्त उठतं, त्याने टाळावं, बाकीच्यांनी ठरल्या प्रमाणात खाल्लं तर भिण्याचं कारण नाही. "हव," म्हणत त्या निश्चिंत होऊन गेल्या. पाच मिनिटं लागली असतील. तुला मी तेवढीही दिली नाहीत.

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झालं म्हणून गावभर खोदकाम चाललेलं, आणि मी भनपुरीच्या लोणच्याच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नुकतीच लागलेली. घरातली पहिली बीएससी, माझा तोरा काय विचारतेस! डॉक्टरांनी बाबांचं मीठ तोडलं होतं, आणि लोणच्याशिवाय त्यांना घास जात नसे. म्हणून तू कैरीचं लोणचं निम्म्या मिठात घातलंस. बुरशी आली. पुन्हा घातलंस, तेही गेलं. तिसऱ्यांदा मात्र माझ्या पिशवीतल्या बेन्झोएटच्या नमुन्याच्या पुडीला हात लावलास. हिच्यामुळे कारखान्याचं लोणचं वर्षभर टिकतं, हे मीच तर ऐटीत सांगितलं होतं. बाबा जेवायला बसले आहेत. तू वाढता वाढता सहज सांगतेस, "आता नाही येत बुरशी. तुह्या पुडीतलं टाकलं ना."

"न मोजता? तुले काही समजते का? बाबाले जहर देऊन राहिली काय?"

"एक चिमूटच टाकली वं. पाच किलोच्या बरणीत."

"ते मीठ आहे काय चिमटीनं टाकाले?"

बाबांचा हात ताटातच थांबतो. तू बरणी उचलून मागे नेतेस आणि पालथी करतेस. सगळी हयात चिमटीनेच स्वयंपाक केलेली बाई तू, आणि मी तुला नवऱ्यासमोर असं बोलले.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातल्या काट्यावर चिमूटभर पूड ठेवली. पाच किलोला जेवढी चालते तिच्या निम्मीही भरेना. तुझा हात मोठा, म्हणून मोठी चिमूट घेतली. तरी मर्यादेच्या आतच. घरी आले ते सांगायचं ठरवूनच. तू भाजी फोडणीला टाकत होतीस. मला बघून हात आखडलास आणि विचारलंस, "एवढं तेल चालते काय वं बाबाले? तूच सांग." मी तेल किती ते सांगितलं. पुडीचं सांगितलं नाही.

त्यानंतर तू लोणचं घातलंच नाहीस. बाबा आणखी दोन उन्हाळे जगले. ताटाच्या डाव्या बाजूला बघून विचारायचे, "लोणचं काहून नाही?" तू "विसरली" म्हणायचीस. माझं नाव एकदाही घेतलं नाहीस. मग तेही गेले आणि तूही गेलीस, आपण नवऱ्याला जहर वाढलं होतं असंच समजून. आता सांगून कोणाच्या ताटात काय पडणार आहे? हा कागद कुठे टाकायचा तेही कळत नाही. सांगायचं राहून गेलं असं मी इतकी वर्षं स्वतःशी म्हणत आले. ते खोटं आहे, आई. त्या संध्याकाळी तू मला विचारून फोडणी घातलीस, आणि मला ते आवडलं होतं.