ओठ न लावता घेतलेला घोट

बसवनगुडी, बंगळूर
१९ डिसेंबर १९६१

तीर्थस्वरूप गुंडोअण्णा,

थकलेल्या धाकट्या भावाचं डोकं तुमच्या पायांवर. तुमचे गुडघे कसे आहेत? वैनींचा खोकला? इथे कमला बरी आहे, वसुमती बरी आहे, मीच तेवढा जिवाला कंटाळलो आहे. धारवाडच्या नागनाथरावांनी मुलासाठी वसुमतीला होकार कळवल्यापासून पोरगी घरभर गुणगुणत होती. त्यांना मी ‘धान्याच्या कंपनीत हिशेब बघतो’ असं सांगितलेलं. खोटं काय त्यात? जव हे धान्यच. पुढे त्याची बिअर होते, त्याला मी काय करू?

आता ऐका. आमच्या कंपनीचे कारखाने निम्म्या जगात. त्या सगळ्यांचे मुख्य साहेब दसऱ्यानंतर विलायतेहून आले. म्हाताऱ्याचा नेम असा, की जाईल तिथे शिपायापासून मॅनेजरपर्यंत प्रत्येकानं त्याच्यासमोर एक घोट घ्यायचा. आपल्या मालावर आपला विश्वास हवा म्हणे! आमचे डायरेक्टर काय, साहेब शिंकला तर हे रुमाल काढतात. मी जन्मात बाटलीला बोट लावलेलं नाही. पण नाही म्हणावं तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली तर पोरीचं लग्न कशाच्या जिवावर करू? शेवटी घरचं वळण आठवलं: परक्या भांड्याला ओठ लावायचा नाही, वरून प्यायचं. ओठ लागला नाही म्हणजे बाटलो नाही. (पोटात गेलं त्याचं काय, हे तेव्हा सुचलं नाही.) मान मागे टाकली आणि ओतलं. अण्णा, पाणी वरून पिणं वेगळं, हा जिन्नस फसफसतो! अर्धा नाकात, अर्धा उपरण्यावर, डोळ्यांतून धारा.

साहेबाला वाटलं, हे आनंदाश्रू, आणि ही इथली मानाची रीत. त्यानं स्वतः तसंच ओतून घेतलं, कॉलरपासून कमरेपर्यंत भिजला आणि खुदखुदून हसला. मग काय विचारता! सगळे डायरेक्टर माना मागे टाकून आपापले टाय भिजवू लागले. एकाची कवळी ठसक्यासरशी गालिच्यावर. साहेबानं माझी पाठ थोपटली, पुन्हा ओतायला लावलं आणि फोटो काढवला. तो फोटो आता कंपनीच्या नव्या कॅलेंडरवर आहे. डोक्याला रुमाल, कपाळाला गंध-अंगारा, तोंडात धार! गांधीबाजारातल्या हॉटेलवाल्यानं तो गल्ल्यामागे टांगलाय आणि मी गेलो की ‘स्वामी, स्वल्प वर बघा’ म्हणून गिऱ्हाइकांना दाखवतो. मी तिथली कॉफीच सोडली.

परवा नागनाथराव कामासाठी इथे आले, नेमके त्याच हॉटेलात कॉफी प्याले आणि तडक आमच्या दारात. बसलेसुद्धा नाहीत. ‘फोटोतले ते तुम्हीच का?’ एवढंच विचारलं. दाराआड वसुमती पांढरीफटक. पोरीच्या तोंडाकडे मला बघवेना हो. असो. नशीब आपलं. वैनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
गुरुराज

ता. क. : आपण दोघे जुळे वाटतो, असं आई म्हणायची. तुमच्या मुली सासरी सुखात आहेत, त्यामुळे तुमच्या अब्रूला थोडं काही झालं तरी कुणाचं लग्न मोडणार नाही. फोटोतले ते तुम्ही, मला भेटायला आला होतात, साहेबानं आग्रह केला, तुम्हाला मोडवला नाही, असं म्हटलं तर? विचार करून कळवावं. घाई नाही.

पुन्हा ता. क. : वरची गोष्ट मी परवाच सांगून टाकली. ‘थोरल्याच्या व्यसनाला धाकटा काय करणार’ म्हणत नागनाथराव निवळले, लग्न पक्कं झालं. मात्र माणूस फार सज्जन. रविवारी परतताना राणेबेन्नूरला उतरून तुम्हाला दारू सोडायला समजावणार आहेत. तेवढी सकाळ कृपा करून सोवळ्यात सापडू नका.