शेजारी काय करेल, ते विचारा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकाला किंवा आमिषाला बळी न पडता लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघ्यांची हमी देत नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडी आश्वासनं मात्र भरपूर दिलीत, ती सगळी रद्द.

१. आमचे हे निवडणुकीचे अंदाज काढायचे आणि उमेदवारांना जिंकायच्या युक्त्या सांगायचे. लोकांच्या दारात विचारायचे प्रश्न आधी माझ्यावर घासून बघायचे. मी कांदा चिरत असायची आणि हे विचारायचे, "बाई, उद्या मतदान झालं तर कुणाला द्याल?" मी म्हणायची, "जो घरी वेळेवर जेवायला येईल त्याला." तेवढं लिहून घ्यायचे नाहीत. दर निवडणुकीला कुणी हरायचं, कुणी जिंकायचं. उष्टी भांडी दोन्ही वेळा तेवढीच. दमले बाई मी.

२. यांचे मतदारसंघांचे रंगीत नकाशे आणि चाकांची खुर्ची मुलाला. त्यानेही बापाचाच धंदा धरलाय. खुर्चीचं एक चाक मोडकं आहे; बाप कसा बसायचा ते त्याला कळेल.

३. ज्या साहेबांना यांनी तीनदा निवडून आणलं, ते भर सभेत यांना "माझा मेंदू" म्हणायचे. चौथ्यांदा पडले आणि मेंदूचा फोन उचलेनासे झाले. यांचा जुना फोन साहेबांना पोचवावा. निदान हा तरी उचला म्हणावं.

४. बांगड्या मुलीला. बँकेतली ठेव दोघा भावंडांना निम्मी-निम्मी. भांडायचंच असेल तर जिन्यात भांडा, शेजारणींची करमणूक होईल.

५. आता ज्याच्यासाठी वरचं सगळं भराभर वाचलंत, ते घर. हे गेल्यापासून ते माझ्या नावावर आहे. "आई, घर कुणाला?" असं ज्याने विचारलं त्याला मी सांगितलं, "तुलाच रे राजा," "तुलाच गं बाय." दारात उभ्या माणसाला सगळे असंच गोड सांगतात. त्यापायी यांचा एक अंदाज सपशेल आपटला होता. मग यांनी प्रश्न बदलला: "तुमचं राहू द्या, शेजारी काय करेल?" शेजाऱ्याचं नाव पुढे केलं की माणूस स्वतःच्या मनातलं बोलतो.

गेल्या महिन्यात मीही तेच केलं. मुलाला विचारलं, "घर ताईला दिलं तर ती काय करेल?"

"ताई? महिनाभरात विकेल."

मुलीला विचारलं, "बाळ्याला दिलं तर?"

"अगं, त्याने दलालसुद्धा बघून ठेवला असेल!"

सून कपडे वाळत घालत होती. तिला विचारलं, "दोघांपैकी कुणालाही दिलं, तर काय करतील गं?"

"करायचंय काय, आई? राहतील की. घरच आहे ते."

तर हे राहतं घर सुनेला, तिच्या एकटीच्या नावावर. तिचा नवरा प्रचाराला गेला की महिनोन्‌महिने फिरकत नाही. वाट बघायची तर स्वतःच्या घरात बघावी. आणि बघून बघून कंटाळली, तर आतून कडी लावता यावी. मला कधी लावता आली नाही.

६. या सगळ्याची अंमलबजावणी माझे गुडघे बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी करावी. यापुढे मी तोंडाने काहीही म्हटलं तरी हा कागदच खरा. कुणी विचारलं, तर मी अजूनही "तुलाच" म्हणणार आहे. सुनेने कधी विचारलं नाही. तिला मी गेल्यावरच सांगा. नाहीतर बिचारी घाबरून नको म्हणेल, आणि मला पुन्हा सगळं लिहावं लागेल.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर
तारीख: मतदान झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, निकाल लागायच्या आधी
सही: माझीच, चष्मा लावून केलेली

साक्षीदार:
खालच्या मजल्यावरची शिवणवाली. सही करताना पाहिलं. वाचू दिलं नाही.
डॉक्टरीणबाई. डोकं तपासलं, ठीक आहे. गुडघ्यांचं खरं आहे.