न तडकणारं सारवण

८ जुलै १९३४
लोणावळ्यापासून आधी बैलगाडी, मग पायवाट, मग नुसताच चिखल अशा चढत्या भाजणीनं उंबरवाडीत पोचलो. तब्येत ठणठणीत, धोतर वाया. कामगिरी सोपी आहे. वाडीमागचा डोंगर या पावसात खाली येईल का, एवढं लिहून द्यायचं. येईल म्हटलं तर इथल्या बारा घरांना कार्ल्याजवळ सपाटीला जागा मिळणार. जागा देणं कचेरीला जड जातं, असं निघताना रावसाहेबांनी पान चघळत सुचवलंच. डोंगराचं मत त्यांनी विचारलं नाही.

उतरायला डोंगराला अगदी लागून असलेलं घर मिळालं. वाडीचा म्होरक्या कोंडू म्हणाला, तुमच्यासाठीच मोकळं ठेवलंय. सत्तेचाळीस वर्षांत माझ्यासाठी कोणी काही मोकळं ठेवल्याचं आठवत नाही. विरघळलो.

१० जुलै
इथलं दरडीचं यंत्र म्हणजे शेणमाती. बायका सकाळी जमीन सारवतात आणि दुपारी ती कुठे तडकली ते पाहतात. तीन घरांत एकाच रेषेत तडकली, की डोंगर हलला म्हणायचं. कोंडूच्या बायकोनं, सावित्राबाईंनी, मला तशी तीन घरं दाखवली. मी म्हटलं, ओलीनं होतं. माझी जमीन पाहा, आरशासारखी. मी उठायच्या आत कोणीतरी सारवून जातं. बोटांची अर्धवर्तुळं नेमकी, चीर औषधालाही नाही. सावित्राबाई उंबऱ्याबाहेरूनच पाहून परतल्या.

१४ जुलै
अहवाल लिहिला. डोंगराला सर्वांत जवळचं घर शाबूत, सबब धोका नाही. युक्तिवाद मलाच आवडला. वाडीला वाचून दाखवला आणि कोंडूचा भाऊ शिदू याच्याबरोबर टपालात धाडला.

सावित्राबाईंनी एवढंच विचारलं, की तुमचं घर सारवतं कोण? मी म्हटलं, तुम्हीच की. त्या म्हणाल्या, वाडीतली एकही बाई त्या उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवत नाही.

१६ जुलै
कोंडूला खोदून विचारलं. तीन वर्षांपूर्वी दरडीनं याच जोत्यावरचं घर नेलं. आत कस्तुराबाई होती, आणि तिची दोन पोरं. त्याही वर्षी एक साहेब ‘धोका नाही’ लिहून गेला होता. मग त्याच जागी पुन्हा घर कशाला बांधलंत?

पुढल्या साहेबासाठी, कोंडू म्हणाला. हसला नाही.

१७ जुलै
दाराला आतून कडी होती. तरी सकाळी जमीन ओली. विळ्यानं सारवण खरवडलं.

खाली चीर. हात मनगटापर्यंत आत गेला. आतून गार वारा.

ती रोज लिंपत होती. मला दिसू नये म्हणून. आणि मी तिच्या सारवणावर सही केली.

दुसरं पत्र लिहिलं. धोका आहे, वाडी ताबडतोब हलवा. उद्या पहाटे मीही निघतो.

१८ जुलै, सकाळ
दार उघडत नाही. बाहेरून अडसर घातलाय. फटीतून पाहिलं तर बोचकी, गुरं, सावित्राबाईंच्या काखेत कोंबडी. सगळी वाडी उतरतेय. हाका मारल्या. हवा तर नवा अहवाल घ्या म्हटलं, पत्र फटीतून सरकवलं. शिदूनं ते मुंडाशात खोचलं. कोंडू दाराशी आला.

“तुमीच लिवलंय न्हवं, धोका न्हाई? मग ऱ्हावा की साहेब.” आणि जरा थांबून, “कस्तुरा मेली तवा कचेरीत कुनी चार वळी लिवल्या न्हाईत. तुमचं लिवत्याल. मग मिळल जागा.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं.

दुपार
विळा सापडत नाही. खरवडलेली जागा पुन्हा सारवलेली. मी इथेच बसलो होतो — डोळे उघडे —

दाराची फटही लिंपलीय. उजेड कमी. वहीच्या कडेला शेणाची बोटं. एक मोठ्या हाताची. बाकीची लहान, दोन पोरांची —

डोंगर दळण दळल्यासारखा वाजतोय. भिंत कलली. जमीन मात्र — एक चीर नाही, एकही — माझ्या पायांवरून गार हात — ती अजून लिंप