गाडीसाठी काढलेलं कुंपण

८ नोव्हेंबर, शनिवार
आज गुरुदासाच्या ट्रकचं पत्र आलं. नातू माझा मुलूखभर फिरतो, पण ट्रकच्या कागदांवर पत्ता देवबागचा. म्हणजे गाडीचं घर हेच. पत्र इंग्रजीत, म्हणून शेजारच्या नम्रताने वाचून दाखवलं. माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही म्हशी चारून उरलेल्या वेळात. तर कंपनी म्हणते, इंजिनाकडच्या वायरींत दोष निघालाय, गरम होऊन पेट घेऊ शकतात. कुडाळच्या वर्कशॉपात लवकर आणा, फुकट बदलून देऊ. आता कुडाळला आला की घरी येणारच. दोन वर्षं झाली त्याला येऊन. कंपनीची माणसं चांगली आहेत.

९ नोव्हेंबर, रविवार
माझ्या साध्या फोनवर नम्रताकडून नंबर लावून घेतला आणि गुरुदासाशी बोलले. कंपनीचं महत्त्वाचं पत्र आलंय, घरी येऊन बघ, एवढंच सांगितलं. तो म्हणाला, नम्रताला फोटो काढून पाठवायला सांग. मी म्हटलं, तिचा फोन बिघडलाय. हे खोटं नाही. चार्जिंग खरंच कमी होतं. नम्रता म्हणते, आजी, आगीचं सांगून टाक. सांगणार आहे. आला की, जेवण झाल्यावर.

११ नोव्हेंबर, मंगळवार
बाबलीकडून पुढचं कुंपण काढून घेतलं. परवाच नव्या झावळ्या लावलेल्या, पण ट्रक वळायला जागा नको? बाबली म्हणाला, "आजये, ट्रक थंय रस्त्याच्या वळणारच अडाकतलो." तो होडीवाला. त्याला रस्त्यातलं काय कळतं.
तिसऱ्या आणून ठेवल्या, ताज्या शिंपल्या. त्याला माझ्या हातचं तिसऱ्यांचं सुकं आवडतं.
दुपारी त्याने आपणहून फोन केला! जेवलंस काय, गुडघो कसो आसा, सगळी चौकशी. आवाज इतका स्वच्छ, जसा पडवीत बसलाय. मागे ठोकाठोक चालली होती. खंय आसंस विचारलं तर म्हणाला, कामात आसंय. घरी कधी, तर म्हणाला, बघतंय. बघतंय म्हणजे येणार. आगीचं तोंडावर आलं होतं, गिळलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
नाही आला. तिसऱ्या मीच खाल्ल्या. एक वाटी त्याच्यासाठी ठेवली होती, ती पण.
कुंपण नाही म्हणून गाई आत आल्या. अळू गेलं. पण तेवढीच सोबत.

१५ नोव्हेंबर, शनिवार
कुंपणाच्या काढलेल्या झावळ्या सकाळी चुलीत घातल्या. असा भडका उडाला की मी मागेच सरकले. चहा तसाच टाकला आणि फोन घेऊन गुडघ्यासकट नम्रताकडे धावले. तिच्याकडून नंबर लावून घेतला आणि गुरुदासाला सगळं सांगितलं. वायरी, आग, पत्र. चार्जिंगचं तेवढं सोडून.
तो हसला. म्हणाला, "गो आजी, माका कंपनीचो मेसेज कधीच इल्लो. मंगळवारी कुडाळाक जावन वायरिंग बदलून घेतलंय. माल घाईचो होतो, घराकडे येवक गावला नाय."
मंगळवारी. तरीच आवाज इतका स्वच्छ.
मी म्हटलं, बरां केलंस. गाडी सांभाळून चालव.
कुडाळ म्हणजे इथून तास-दीड तास. एवढ्या मुलखातून फिरत तिथवर आला, म्हणजे आलाच म्हणायचा. बाबली विचारत होता, कुंपण परत घालू? म्हटलं, राहू दे. नम्रताकडे पाहुणे उतरलेत, त्यांची मोटार दुपारी माझ्या अंगणात वळली.
छान वळली.