मोठ्या रांगेतली खुर्ची

४ जून, शनिवार
आइस्क्रीमच्या दुकानासमोर जुन्या गाड्यांचा मेळावा. बिग ब्लॉकवाल्यांची, म्हणजे मोठ्या इंजिनवाल्यांची रांग पुढे, रस्त्यालगत. स्मॉल ब्लॉकवाले मागे, झाडांखाली. मी कैक वर्षं पुढे. आज मेव्हणा डेल्बर्ट सगळ्यांदेखत म्हणाला, दाजी, बॉनेट उघडा की एकदा, तुमचं इंजिन स्मॉल ब्लॉक आहे. माझं इंजिन चारशे घनइंच. त्याचं तीनशे शहाण्णव, आणि म्हणे ते बिग ब्लॉक. शाळेत गेला होता की नाही हा माणूस?

५ जून
बायकोने, लोरेटाने, भावाचीच बाजू घेतली. म्हणे, आकडा आतल्या पोकळीचा, ब्लॉक म्हणजे भोवतालचं ओतीव लोखंड. भिंती पातळ करून खोल्या वाढवल्या म्हणून घर मोठं होत नाही. मी म्हणालो, ओव्हनमध्ये काहीतरी करपतंय. करपत नव्हतं.

७ जून
क्लबचा नवा नियम. पंचवीस तारखेपासून पुढच्या रांगेत बॉनेट उघडं ठेवायचं. यामागे कोण आहे ते कळतं मला. निश्चय: दुसरा बिग ब्लॉक बसवणार. पहिला खोटा होता असं नाही. हा जास्त खरा.

११ जून
चारशे घनइंची विकलं. डेल्बर्टनेच घेतलं, घासाघीस न करता. भोळा आहे बिचारा. बिग ब्लॉक आला. भलताच जड. पाठ धरली.

१५ जून
इंजिन बसलं. म्हणजे बसवलं. गाडीचं नाक खाली गेलं. लोरेटाने विचारलं, गाडी जमिनीवर पडलेलं काही शोधतेय का? बॉनेट लागत नाही. पण ते उघडंच ठेवायचं आहे, मग लागून करायचंय काय?

२० जून
एक्झॉस्टचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला अडतो. गाडी डावीकडे वळत नाही. मेळाव्याला जाताना सगळी वळणं उजवीकडेच आहेत. माघार घेणार नाही.

२४ जून
इंजिन सुरू झालं. काय आवाज! मग उकळलं. रेडिएटर जुन्या इंजिनाच्या मापाचा, त्यात माझी काय चूक? लोरेटाने परस्पर डेल्बर्टला फोन केला. तो म्हणाला, दाजींना सांग, उद्या गाडी ओढून नेतो. मी म्हणालो, कुणाच्या मागे दोरीला बांधून मी पुढच्या रांगेत जाणार नाही.

२५ जून, शनिवार
गाडी घरी. पण पुढच्या रांगेतली जागा सोडली नाही. तिथेच घडीची खुर्ची टाकून बसलो. एकाने विचारलं, गाडी कुठली? म्हणालो, बिग ब्लॉक. तो खुर्चीकडे बघत पुढे गेला.

डेल्बर्टने माझं इंजिन त्याच्या पिकअपमध्ये बसवलंय. खुशाल मागच्या रांगेत उभा होता, बॉनेट उघडून. स्मॉल ब्लॉकचा पहिला नंबर त्याला मिळाला. त्याने इंजिन सुरू केलं तेव्हा मान न वळवता ओळखलं मी. लोरेटा तिकडेच बसली होती, सँडविचचा डबा घेऊन. दोनदा हात केला तिने. मी पाहिलं नाही.

सूर्य मावळल्यावर खुर्ची मागच्या रांगेत नेली. सावलीसाठी.