कुंकवाखालचा शिक्का

देहूरोड, गुरुवार, ८ जानेवारी १९७६

नुसता वैताग. ह्यांची बंदूक माझ्या नावावर करायची उद्या शेवटची मुदत. अर्जात मॉडेल लिहिलं नाही तर ती ठाण्यात जमा होणार.

भाऊजी खाटेवरूनच म्हणाले, "वहिनी, थ्री नॉट थ्री लिहा आणि मोकळ्या व्हा."

"तिला मागे-पुढे ओढायचा बोल्ट असतो, भाऊजी. हिला चापामागे खाली दांडी आहे. ही मार्टिनी, जुनी इंग्रजी रायफल. वाचनालयातल्या पुस्तकात चित्र आहे."

"आता पुस्तकं वाचून बंदुका कळायला लागल्या का!"

मार्टिनी, पण कितव्या नमुन्याची? पुस्तक म्हणतं, शिक्का उजव्या अंगाला, दांडीच्या वर. आणि नेमकं तिथंच हे दर खंडेनवमीला कुंकू लावायचे. वर्षानुवर्षं तेल आणि कुंकू, कडक लाल थर झालाय. अहो, लावायला दुसरी जागा नव्हती? हे गेल्यापासून मी तिला नुसतं फूल वाहते. त्या थराला कधी हात लावला नाही.

शेवटी रॉकेलची चिंधी घेऊन बसले. आधी मुकुट दिसला, मग खाली रोमन चार. अर्जात लिहिलं, मार्टिनी, नमुना चौथा.

भाऊजी म्हणाले, "मी म्हणतच होतो, जुनी आहे."

बोटं अजून लाल आहेत. साबण समोर आहे, पण धुववत नाहीत.